भेंडी वाळवायची कशी? माझी काळी पडली, ताटाला चिकटली

कोरेगावकरीण | ६ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, यंदा परसात भेंडीच्या तीन सऱ्या लावल्या. वाण परभणी क्रांती. जुनं आहे, पण आमच्या रानात त्याच्यावर केवडा (पानं पिवळी पाडणारा रोग) फारसा येत नाही, म्हणून दरवर्षी तेच बी धरते. अडचण अशी की एक दिवसाआड तोडा करावाच लागतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी भेंडी निबर. दर तोड्याला दोन-अडीच किलो निघते. घरात माणसं चार, त्यातलं एक भेंडी दिसली की ताट सरकवतं. शेजारी वाटून झाली, जाऊबाईंकडे पोचली, दूधवाल्याला दिली. आता दूधवाला मागच्या गल्लीनं जातो.

म्हणून वाळवायला घेतली. धुतली, गोल चकत्या केल्या, स्टीलच्या दोन मोठ्या ताटांत पसरून गच्चीवर ठेवली. दोन तासांनी बघते तर चकत्या अशा चिकटलेल्या की उलथन्यानं खरवडाव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत कडा तपकिरी, मध्ये काळपट. दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले आणि दुपारी वळीव आला. पुढचं सांगत नाही.

सासूबाई पूर्वी वाळवायच्या, मी खाल्लेली आहे. त्या आता ८१ वर्षांच्या. विचारलं तर म्हणतात, "वाळवायची म्हंजे वाळवायची. त्यात सांगायचं काय?"

तर सांगा: कापायची कशी, ऊन की सावली, मीठ लावायचं का? आणि तळून तोंडी लावण्याशिवाय तिचं आणखी काय होतं?

---

माणदेशी | ६ एप्रिल, रात्री १०:२५

ताई, मी दहिवडीकडची. आमच्याकडे पाऊस कमी आणि माळवं त्याहून कमी. त्यामुळे मिळेल तेव्हा मिळेल ते वाळवायचं, अशी रीत. गवारी उकडून, हरभऱ्याचा पाला तसाच, कारली, वांगी, भेंडी. आजीच्या घरात वाळवणाची गाडगी वेगळी असायची आणि त्यांना पोरांनी हात लावायचा नाही.

तुमची पहिली चूक ताट. स्टील उन्हात तव्यासारखं तापतं. भेंडी खालून शिजते आणि आपल्याच चिकात चिकटते. कापडावर घाला. जुनं धोतर सगळ्यात उत्तम, नाहीतर सुती नऊवारी. पॉलिस्टरची साडी नको, ती पाणी पीत नाही.

दुसरी चूक, धुऊन लगेच कापली असणार. भेंडी धुवा, पुसा आणि मग निदान दोन-तीन तास अख्खीच पसरून ठेवा. बाहेरून थेंबभर पाणी राहिलं तर विळी आणि हात दोन्ही बुळबुळीत होतात, आणि तोच बुळबुळीतपणा कापडावर जातो.

तिसरं म्हणजे चकत्या. आम्ही गोल चकत्या करतच नाही. फार पातळ होतात, बिया गळतात आणि तळताना जळतात. बोटाच्या पेराएवढे तिरके तुकडे, किंवा बोटभर कोवळी भेंडी असेल तर देठ-टोक काढून उभ्या दोन फाका.

ताकातली करायची असेल तर ती पद्धत निराळी, उद्या लिहिते. आता लाईट गेली.

---

निवृत्त_मास्तर | ७ एप्रिल, सकाळी ६:१०

मूळ प्रश्नाला फाटा देतो, राग नसावा. मिरजेच्या मंडईत भेंडी बाराही महिने मिळते. फ्रीज घरोघरी आहे. मग हा उपद्व्याप कशासाठी? पूर्वी नाइलाज होता म्हणून वाळवत होते. नाइलाजाची परंपरा करू नये.

---

सुगरण_नाही_मी | ७ एप्रिल, सकाळी ८:०२

मास्तर, सकाळी सहाला एवढं कडू? चहा झाला नव्हता का?

---

बेदाणेवाला | ७ एप्रिल, दुपारी १:१५

मास्तरांना आमच्या तासगावात येऊन "द्राक्षं मिळतात, मग बेदाणा कशाला" असं म्हणून बघावं. पाहुणचार चांगला होईल.

वाळली भेंडी ही ताज्या भेंडीची बदली नव्हेच. बेदाणा खाताना कुणी द्राक्षाची आठवण काढत नाही. वाळताना पाणी जातं तशी चव दाटते आणि बदलते. ताज्या भेंडीला जो हिरवट वास असतो तो जाऊन खमंग, थोडा शेंगेसारखा वास येतो. तो मंडईत बाराही महिने मिळत नाही.

आता वाळवण्याबद्दल. भेंडी काही माझा धंदा नाही, पण वाळवणं आहे. आमच्या शेडवर बेदाणा उन्हात वाळत नाही, हे बाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही. जाळीचे कप्पे एकावर एक, वर छप्पर, बाजूला हिरवं शेडनेट. काम वारा करतो. थेट ऊन लागलं तर माल लाल-काळा पडतो आणि दर पडतो. भेंडीलाही तेच. हिरवा रंग उन्हानंच उडतो. तुमच्याकडे गच्चीला जिना असेल तर जिन्याच्या माथ्यावरची जागा बघा, जिथं सावली आहे आणि वारा आरपार जातो. कापड जमिनीवर टाकू नका, बाजेवर टाका. खालून वारा लागला की वेळ निम्मा होतो.

एक सावधगिरी. कुणीतरी तुम्हाला डिपिंग ऑइल सुचवेल, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला सुचवतात. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा थर असतो. तो मोडून पाणी बाहेर यायला वाट व्हावी म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि ते तेल पाण्यात कालवून द्राक्षं बुडवतात. भेंडी तुम्ही कापताय, वाट झालेलीच आहे. काही लावू नका.

---

प्रयोगवही | ७ एप्रिल, सायंकाळी ७:३०

अन्नप्रक्रिया शिकवते, त्यामुळे थोडं पुस्तकी बोलेन.

काळं पडणं आणि चिकट होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. कापल्यावर पेशी फुटतात, आतलं एन्झाइम हवेशी गाठ पडताच रंग तपकिरी करतं. सफरचंदाचं होतं तेच. बिडाची विळी किंवा लोखंडी सुरी असेल तर आणखी काळं. चिकटपणा ही त्या भेंडीतली लांब साखळीची साखर आहे, पाणी मिळालं की फुगते. आंबट लागलं की पातळ होते, म्हणून आपल्या आया भेंडीत चिंच, ताक, आमसूल घालत आल्या.

काळेपणावर उपाय म्हणजे वाफ. अख्खी भेंडी, देठ न काढता, चाळणीत ठेवून दोन-तीन मिनिटं वाफवायची, लगेच गार पाण्यात, मग पुसून, सुकवून कापायची. एन्झाइम मरतं. देठ आधी काढलात तर आत पाणी शिरेल आणि सगळं बुळबुळीत होईल. आणि कुणी सोडा सुचवला तर घालू नका. रंग हिरवागार राहतो खरा, पण भेंडी लिबलिबीत होते आणि जीवनसत्त्वांचा नाश होतो.

भेंडीत साधारण नव्वद टक्के पाणी असतं. म्हणजे किलोची शंभर-सव्वाशे ग्रॅम उरली तर वाळली समजा. दोनशे उरली तर डब्यात भरू नका.

---

माणदेशी | ७ एप्रिल, रात्री ९:००

वाफवायची? आमच्या आजीनं ऐकलं असतं तर तिनं चाळणीच फेकून दिली असती. वाफवली की शिजलेली चव येते, तळली की कुरकुरीत न होता चामट होते. गवारी उकडून वाळवतात कारण तिला दोरा असतो. भेंडी कच्चीच वाळवायची.

आता ताकातली. ही तोंडी लावायला, दहीभाताशी किंवा पिठल्याशी. कोवळी, करंगळीएवढी भेंडी. देठाची टोपी थोडी ठेवून पोटाला एक चीर द्यायची, आरपार नाही. दोन दिवसांचं आंबट घट्ट ताक, त्यात मीठ, हिंग, थोडी जिरेपूड. हळद आमच्याकडे घालतात, आमच्या चुलत्यांकडे घालत नाहीत, त्यावरून अजून बोलणी होतात. रात्री भेंडी त्यात बुडवायची. सकाळी निथळून कापडावर वाळत. संध्याकाळी परत त्याच ताकात. असं तीन दिवस, ताक संपेपर्यंत. मग दोन दिवस नुसतं ऊन. ही हिरवी राहत नाही, खाकी होते, ती तशीच असते. घाबरू नका.

ताकातल्या भेंडीला मात्र मी ऊन देते. बेदाणेवाले दादा म्हणतात ती सावली तिला पुरत नाही, ताक आंबत राहतं आणि वास येतो.

---

बेदाणेवाला | ७ एप्रिल, रात्री ९:४०

ताकाचं मान्य. ओलं आणि आंबलेलं असेल तर वाट बघायची नाही.

वाफेवरून भांडू नका. कोरेगावच्या ताईंकडे भेंडी ढीगभर आहे, त्यांनी अर्धी वाफवून आणि अर्धी कच्ची अशी वाळवावी आणि वजन लिहावं. दूधवालाही परत येईल.

---

सुगरण_नाही_मी | ८ एप्रिल, सकाळी ११:२०

मी काल केली. एअर फ्रायरमध्ये, सर्वांत कमी तापमानावर, चाळीस मिनिटं. बाहेरून कडक, आतून ओली, चवीला जळकी. नवरा म्हणाला, छान आहे, पुन्हा नको.

---

प्रयोगवही | ८ एप्रिल, दुपारी १२:००

चाळीस मिनिटांत वाळवण होत नाही हो, त्याला भाजणं म्हणतात. यंत्रात करायचीच असेल तर ५५ ते ६० अंश आणि सात-आठ तास धरा. बऱ्याच एअर फ्रायरमध्ये तेवढं कमी तापमान मिळतच नाही. बाहेर आधी कवच धरलं की आतलं पाणी कोंडतं, तुमचं तेच झालं.

---

गुऱ्हाळघर | ९ एप्रिल, रात्री ८:१५

भेंडीच्या चिकाला सगळे शिव्या देताहेत म्हणून त्याची बाजू घेतो. कराडजवळ आमचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की गुळव्या भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळायचा आणि ते बुळबुळीत पाणी रसात सोडायचा. रानभेंडी मिळाली तर आणखी चांगलं. त्या चिकात रसातली घाण अडकते आणि मळी होऊन वर येते. मग झाऱ्यानं मळी काढत बसायचं. मळी नीट निघाली तर गूळ पिवळाधमक. पावडरी आल्या, पण जुना गुळव्या भेंडीशिवाय काहिलीजवळ उभा राहायचा नाही.

वाळवण्याबद्दल मला काही येत नाही. फक्त एवढंच की जो चिक तुम्हाला नको आहे त्यावर आमची चूल चालायची.

---

निवृत्त_मास्तर | ९ एप्रिल, रात्री ९:३०

हे मात्र वाचनीय. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, मत बदललेलं नाही.

जाता जाता: निबर झालेल्या भेंडीच्या बिया भाजून दळून अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते ६५ च्या काळात, कॉफीऐवजी प्यायचे. नाकेबंदीमुळे कॉफी मिळत नव्हती. पुन्हा तेच, नाइलाज.

---

वाळूतला_सातारकर | १० एप्रिल, रात्री ११:५०

मूळचा रहिमतपूरचा, सध्या आखातात. इथं माझ्या खोलीत एक सुदानी आहे. त्याच्या गावाहून एक पिशवी येते, हिरवट राखाडी पूड. पहिल्या दिवशी मला वाटलं मेंदी. ती भेंडी. वाळवून कुटलेली. तिला ते वेका म्हणतात. कांदा तेलात चांगला लाल करायचा, वाळवलेल्या मांसाची पूड, पाणी, आणि शेवटी वेका भुरभुरत ढवळायचं. बघता बघता रस्सा दाट होतो, तार धरतो. त्याला म्हणतात मुल्लाह. कशाबरोबर खातात माहीत आहे? ज्वारीबरोबर. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी, किसरा. नाहीतर ज्वारीचा घट्ट उकडलेला गोळा, असीदा.

मी त्याला भाकरी करून घातली. तो म्हणाला, तुमचा किसरा जाड आहे. मी म्हटलं, तुमची भाकरी पातळ आहे.

आपण चिक घालवायला जीव टाकतो, त्यांना तो चिकच हवा असतो. भेंडी एकच. आणि इथल्या तुर्की दुकानात तर अंगठ्याच्या नखाएवढी वाळकी भेंडी दोऱ्यात ओवून माळा टांगलेल्या असतात. तिकडे अमास्याची प्रसिद्ध, आणि कोन्याकडे लग्नाच्या पंगतीत तिचं मटण घातलेलं आंबट सूप असतं. आधी लिंबाच्या पाण्यात उकळून घेतात, मग दोरा काढतात.

---

माणदेशी | ११ एप्रिल, सकाळी ७:००

ज्वारीबरोबर! हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडचं कोरड्यास, भाकरीशी खायचं कालवण, म्हणजे तुमच्या मित्राच्या घरचंच आहे की मग. सुकट घालून करतात ते तर नक्कीच. थांबा, सविस्तर लिहिते.

वाळल्या भेंडीचं कोरड्यास, चार माणसांना. दोन मुठी कच्ची वाळवलेली भेंडी, ताकातली नव्हे. भिजवायची नाही. सगळे इथंच चुकतात. कोमट पाण्यात टाकली की गेलेला चिक परत येतो. आधी कढईत दोन चमचे तेल, मंद आच, भेंडी टाकून परतायची. मिनिटभरात फुगते, कडा बदामी होतात, वास सुटतो. लगेच काढायची. अर्धा मिनिट जास्त झालं तर कडू.

त्याच तेलात ठेचलेला लसूण, बारीक कांदा, घरचा कांदा-लसूण मसाला दीड चमचा. तेल सुटलं की चिंचेचा कोळ, मग कढत पाणी. गार पाणी घातलंत तर तवंग मरतो. उकळी आली की भेंडी घाला, झाकण ठेवा, आठ-दहा मिनिटं. शेवटी शेंगदाण्याचं कूट मूठभर, थोडा भाजलेला तीळ कुटून. मीठ चाखून, गूळ आवडीनं. भेंडी मऊ होते पण आकार सोडत नाही, चावताना आत थोडी गच्च लागते. तीच मजा.

सुकट घालायची असेल तर कूट कमी आणि सुकट आधी कोरडी भाजून, धुऊन. मग ते ताट मास्तरांपुढे ठेवा.

---

कोरेगावकरीण | १९ एप्रिल, रात्री १०:१०

अहवाल.

एक किलो, देठ-टोक काढल्यावर वजन केलेली, कच्ची. एक किलो वाफवून. दोन्ही तिरके तुकडे, धोतरावर, बाजेवर, जिन्याच्या सावलीत. कच्चीला चार दिवस लागले, १०८ ग्रॅम. वाफवलेलीला साडेतीन, ९९ ग्रॅम. वाफवलेली सरळ सरळ हिरवी. कच्ची शेवाळी, पण काळी नाही. चिकटली नाही. मी खूश.

आणि मग माती खाल्ली. चौथ्या दिवशी दुपारी तुकडा मोडला, कडकन मोडला, म्हणून लगेच दुपारच्या झळेनं तापलेलीच बरणीत भरली, झाकण घट्ट. तिसऱ्या दिवशी काचेला आतून दव. पाचव्या दिवशी तळाशी पांढरी लव. १०८ मधली साठेक ग्रॅम गेली. उरलेली दुसऱ्या डब्यात होती म्हणून वाचली. वरची धरून वापरू का असं मनात आलं होतं, पण नाही, सगळी कचऱ्यात टाकली.

---

प्रयोगवही | १९ एप्रिल, रात्री १०:४०

टाकलीत ते बरं केलंत. बुरशी दिसते तेवढीच नसते.

दोन गोष्टी झाल्या. एक, गरम भरली. कापडाखाली पूर्ण गार होऊ द्यायची, मग भरायची. दोन, सगळे तुकडे सारखे वाळलेले नसतात. देठाकडचा तुकडा जाड, तो शेवटपर्यंत ओल धरतो. म्हणून पहिला आठवडा बरणी दोन तृतीयांशच भरायची, रोज हलवायची आणि काचेकडे बघायचं. दव दिसलं तर परत बाजेवर. आठ दिवस काच कोरडी राहिली की मग खरं भरणं.

मोडून बघण्यापेक्षा काटा बरा. आज आणि उद्या वजन सारखंच आलं तर वाळली.

---

माणदेशी | २० एप्रिल, सकाळी ७:२०

आणि बरणीत हिंगाचा खडा टाका, टोके म्हणजे किडे होत नाहीत. कापताना प्रत्येक भेंडी उघडून बघा. अळी आत असते आणि उभी चीर दिली की दिसते. तिरक्या तुकड्यात कधी कधी अर्धी सापडते. अर्धी सापडली की उरलेली अर्धी शोधायची.

---

सुगरण_नाही_मी | २० एप्रिल, सकाळी ९:४५

मी तुर्की पद्धतीनं माळ केली. करंगळीच्या टोकाएवढी भेंडी, जाड सुई, देठातून ओवून दाराच्या चौकटीला. संध्याकाळपर्यंत तीन जणांनी विचारलं, कुणाची दृष्ट लागली? चौथ्या बाईंनी नमस्कार केला. पण वाळली मात्र सुंदर. वारा चारी बाजूंनी लागतो ना.

---

पाटणचा_पाऊस | २१ एप्रिल, दुपारी ३:००

आमच्याकडे कोयनेच्या बाजूला जून लागला की कपडे चार दिवस वाळत नाहीत, भेंडी कुठली. एप्रिल-मेमध्ये केलं तेवढंच. आई वाळवण सूप-दुरडीतनं काढून गाडग्यात भरायची आणि गाडगं चुलीच्या वरच्या फळीवर. धुराची धग लागते, ओल धरत नाही. गॅस आला आणि पावसाळ्यातलं वाळवण मऊ पडायला लागलं. आता श्रावणात डबा उघडला की एक ताव कढईत कोरडी गरम करून घेतो.

कुणाकडे ते परभणी क्रांतीचं बी जादा असेल तर सांगा.

---

वाळूतला_सातारकर | २ मे, रात्री १२:१५

एक प्रयोग कळवतो. इथं मिळणारं ज्वारीचं पीठ जुनं असतं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेलं. भाकरी थापताना काठ फाटतात, उचलली की तुकडे. गरम पाण्यानं उकड काढली तरी मनासारखी होईना. काल सुदान्याच्या पिशवीतली पाव चमचा वेका एका भाकरीच्या पिठात टाकली. पीठ हाताला लोण्यासारखं झालं. थापली, उचलली, पाणी फिरवलं, फुगली. चव कळत नाही. अर्धा चमचा घातली तेव्हा मात्र खाताना दातांना चिकटत होती.

---

माणदेशी | २ मे, सकाळी ६:५०

आजीला हे माहीत असतं तर शेवटची भाकरी तव्यावर जोडत बसली नसती. आजच वाळली भेंडी मिक्सरला लावते.

---

माणदेशी | २ मे, दुपारी १:३०

लावली. चाळून घ्या, बियांची भरड राहते. जुन्या पिठाची भाकरी उचलली गेली. नव्या पिठात घालू नका, गरज नाही.

---

निवृत्त_मास्तर | २ मे, दुपारी ४:००

एक प्रश्न. कोरड्यासात चिंचेऐवजी कैरी चालेल का? घरात कुणीतरी दोन मुठी भेंडी वाळवून ठेवली आहे. कुणी ते विचारू नये.

---

माणदेशी | २ मे, दुपारी ४:०५

चालेल, मास्तर. फोडी शेवटी घाला, नाहीतर विरघळतात.

---

कोरेगावकरीण | ११ मे, रात्री ९:२०

चार दिवसांपूर्वी घरात एक गंमत झाली. तिसरा घाणा घेतला होता. सकाळी भेंडी धुऊन सुकत टाकली, पण दिवसभर पाहुणे, कापायला रात्रीचे आठ वाजले. म्हटलं आता रात्री कुठं वाळत घालणार, सकाळी बघू. सासूबाई ओसरीवरनं म्हणाल्या, "मग आत्ताच पसर की. आम्ही रात्रीच कापायचो."

मी विचारलं, का? तर म्हणे, दिवसा रानात असायचो, वेळ कधी होता? रात्री कापायची, घरातच धोतरावर पसरायची, हात लावायचा नाही. सकाळपर्यंत तुकड्याचं तोंड सुकतं, साय धरल्यासारखं. मग बाहेर नेली की ती चिकटत नाही आणि काळीही पडत नाही. एक महिना मी विचारतेय, तेव्हा "त्यात सांगायचं काय". म्हटलं, आई, हेच तर सांगायचं होतं! तर म्हणाल्या, "तू ऊन का सावली विचारलंस. रात्रीचं कुठं विचारलंस?"

केली तशी. खरंच, सकाळी तुकडे धोतरावरनं नुसते झटकले की सुटे. तीन दिवसांत झाली. रंग वाफवलेलीइतका नाही, पण कच्चीत सर्वांत चांगला.

---

प्रयोगवही | ११ मे, रात्री ९:५०

कापलेल्या तोंडावरचा चिक रात्रीच्या गारव्यात हळू सुकून पापुद्रा धरतो, मग आतला रस बाहेर पडून पसरत नाही. माझ्या वर्गात उद्या हे सांगणार आहे. आजींचं नाव न घेता सांगते, चालेल ना?

---

बेदाणेवाला | १२ मे, सकाळी ८:३०

घ्या की नाव. आमच्याकडे यासाठी सल्लागार येतो, गाडीभाडं घेतो.

---

कोरेगावकरीण | १४ जुलै, रात्री ८:४५

आज दिवसभर झड. दोन्ही बरण्या उघडल्या, काच कोरडी, भेंडी कडकडीत. वाफवलेली अजून हिरवी आहे, पण परतल्यावर थोडी चामट, माणदेशीताई म्हणाल्या तशी. कच्ची फिकी पडलीय, पण फुगते छान. यापुढे वाफवणार नाही, ताटात रंग कोण बघतं.

ताकातली मीठ जास्त झाली. मी तीन दिवस रोज ताकात नव्यानं मीठ घालत होते. एकदाच घालायचं असतं हे कुणी लिहिलं नाही. आता ती मोजून दोन-दोनच वाढते.

कोरड्यास केलं, ज्वारीच्या भाकरीबरोबर. भेंडी बघून ताट सरकवणारा माणूस दोनदा घेऊन गेला. त्याला सांगितलेलं नाही काय आहे ते. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "कूट जाडं का ठेवलंस?"

पाटणच्या दादा, बी वाळवून ठेवलंय, पाव किलोच्या आसपास भरेल. पत्ता निरोपात कळवा.

---

पाटणचा_पाऊस | १५ जुलै, सकाळी ७:१०

कळवला. पोस्टानं नको पाठवू ताई, इथं पोचेपर्यंत भिजून मोड येतील. साताऱ्याला येणं झालं की मीच घेऊन जातो.